लाभ, दोन, तीन

आधी आम्ही मिरचीवर नाव घातलं.
नंदुरबारात डोळ्याला काही झालं
की मिरचीवरच घालतात.
पथारी घरापासून हाकेवर,
वारा फिरला की वाळत टाकलेला सगळा तिखटपणा
दारातून आत येतो, दोरीवरच्या टॉवेलात बसतो,
पाहुणे शिंकत शिंकत चहा पितात.
पोराचे डोळे मिचमिचले, त्यात काय नवल.

रत्नानं दुधात भिजवलेला कापूस ठेवला,
मग गुलाबपाणी.
मग शाळेच्या डायरीत वळवी बाईंची लाल ओळ:
दर्शील वर्गात सारखे डोळे मिचकावतो, लक्ष द्यावे.

लक्ष दिलं.
मी मापाडी. माझं लक्ष देणं म्हणजे मोजणं.
बाजार समितीत वीस वर्षं काट्यापाशी उभा आहे,
गोणी चढते, गोणी उतरते,
पहिलीला आम्ही एक म्हणत नाही, लाभ म्हणतो,
मग दोन, मग तीन.
तो गृहपाठाला बसला की समोर खाट ओढून
मी मनात धरायचो.
पाढे म्हणताना मिनिटाला एकतीस.
टीव्हीसमोर नऊ.
झोपेत शून्य,
हे मी पहाटे दोनदा उठून बघितलं.

शेजारची लिलाबाई कुंपणावरून,
"काय रे भो, डोया कसाले मिचकावस?
मले डोया मारस का काय?"
तो हसला. हसताना चारदा.
मी मात्र ओरडलो.
उघडे ठेव, म्हटलं, हलले नाही पाहिजेत.
त्यानं ठेवले.
पाणी येईपर्यंत ठेवले,
खालची पापणी भरल्या गोणीच्या शिवणीसारखी ताणलेली.
मग सोडले, आणि एका दमात इतक्यांदा मिटले
की माझा हिशेब चुकला.

सिव्हिलला पाडवी मॅडमनी बॅटरी मारून बघितलं,
पापणी उलटी करून बघितली,
तक्ता वाचायला लावला,
शेवटची बारीक ओळसुद्धा वाचली त्यानं.
कोरडेपणा नाही, नंबर नाही, मिरची तर नाहीच.
सवय आहे, म्हणाल्या, या वयात लागते,
बहुतेकदा जाते आपली आपण. टोकू नका.
मग चिठ्ठी लिहिता लिहिता, मान वर न करता,
"आणि तुम्ही ओठ का हलवताय?"

रत्ना पदरात हसली.
लग्नापासून असेच आहेत, म्हणाली,
वरातीत घोडीची पावलं मोजत होते.

दर्शील स्टुलावर पाय हलवत बसलेला.
पप्पा मोजतात तेव्हाच मला जास्त येतात, म्हणाला.
म्हणजे कसं?
ओठ हलला की येते. एकाला एक.

वजन बरोबर निघालं की आडत्या गप्प होतो,
तसा मी.

परतताना सायकल पथारीकडे वळवली.
ऊन उतरलेलं, एकरभर लाल,
नाकाला पदर बांधून बाया मिरच्या पालथ्या करत होत्या,
एक म्हातारा विडी विझवून पुन्हा कानावर ठेवत होता.
दर्शीलनं सूर्याकडे तोंड करून डोळे घट्ट मिटले. मुद्दाम.
"मिटले तरी लालच दिसतं. तुम्ही मिटा ना."
मी मिटले.
लालच होतं.
त्याला कड नव्हती, गोणी नव्हती,
आकडा लावायला जागाच नव्हती कुठं.
किती वेळ उभे होतो सांगता येणार नाही,
मापाड्यानं असं बोलू नये, पण नाही येणार.

गेलं नाहीये अजून.
चाचणी जवळ आली की वाढतं.
मी तोंडापुढे पेपर धरतो.
रत्ना म्हणते, मधूनमधून पान तरी उलटा,
पोरगं वेडं नाही.

काल जेवताना भाकरी मोडता मोडता
त्यानं माझ्याकडे बघितलं, पापणी पडली.
लाभ, आलं माझ्या ओठावर.
पुढं मी पाणी प्यायलो.